तुम्ही विचारलंत म्हणून : मोडी शिकवता शिकवता बायबायिन कशाला?

"ताई, आपल्याच मोडीला माणसं मिळेनात, आणि तुम्ही त्या फिलिपिन्सच्या लिपीत कुठे जीव अडकवून बसलात?"

मोडीच्या वर्गात प्रत्येक नव्या तुकडीत हा प्रश्न येतो. लग्नाकार्यात येतो. नात्यातली माणसं जरा अधिकाराने विचारतात, "तुझं काय अडलंय तिकडे?" आजवर दोन वाक्यांत काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आज नीट सांगते.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही काही वर्षं मनिलात राहिलो. मोडी मी त्याआधीपासून शिकवत होते, त्यामुळे कुठेही गेलं की डोळे आधी अक्षरं शोधतात. मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात एक ताम्रपट आहे. 1989 साली लागुना प्रांतात, लुंबान नदीच्या मुखाशी वाळू उपसताना तो सापडला, जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्यांकडून फिरत फिरत संग्रहालयात आला आणि अंतोन पोस्त्मा या डच अभ्यासकाने तो वाचला. फुलस्केप कागदापेक्षा लहान पत्रा, त्यावर दहा ओळी. लिपी कावी, म्हणजे जावाकडची जुनी लिपी, भाषा मुख्यतः जुनी मलय. सुरुवात अशी: स्वस्ति, शकवर्ष 822, वैशाख मास, कृष्णपक्षातली चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन 900, 21 एप्रिल. पुढचा मजकूर कर्जमुक्तीचा. नामवरान नावाच्या माणसावर सोन्याचं देणं होतं, ते माफ झालं, आता त्याच्या मुलाबाळांकडे कुणी मागायचं नाही. शके, तिथी, वार आणि देण्याघेण्याचा निकाल! आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या कागदाची हीच ठेवण असते. मी तिथे काचेपुढे उभी राहून ती तिथी मोठ्याने वाचली, आणि त्या दिवसापासून 'तिकडची लिपी' हा शब्दप्रयोग माझ्या तोंडी बसेना.

बायबायिन ही त्या ताम्रपटाची लिपी नव्हे, ती पुढची. टागालोग भाषक लुझॉन बेटावर तिच्यात लिहीत. ब्राह्मीच्या कुळातली आहे हे तिच्याकडे बघताच कळतं. ती नेमकी कुठल्या वाटेने तिथे पोचली यावर मात्र अभ्यासकांत वाद आहेत. कुणी ती कावीतून आली म्हणतं, कुणी इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटाकडे बोट दाखवतं. ख्रिस्तोफर मिलर या भाषाशास्त्रज्ञाने तर जुन्या गुजराती लिपीशी नातं जुळवलं आहे. हे मत सगळ्यांना मान्य नाही, पण सुरतेकडच्या व्यापाऱ्यांची जहाजं त्या समुद्रात फिरत होती हे लक्षात घेतलं की मला ते अगदीच टाकाऊ वाटत नाही.

देवनागरी येणाऱ्याला बायबायिन कळायला वेळ लागत नाही. अक्षरं सतरा. तीन स्वर, चौदा व्यंजनं. प्रत्येक व्यंजनात आपल्यासारखाच 'अ' मिसळलेला. अक्षराच्या डोक्यावर कुडलित म्हणजे बारीकशी खूण दिली की 'ब'चं बि किंवा बे होतं, खाली दिली की बु किंवा बो. इ आणि ए यांना एकच खूण, उ आणि ओ यांनाही एकच. मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि वाचणारा संदर्भाने ओळखतो, तसंच इथे. खरी गंमत पुढे आहे. जुन्या बायबायिनमध्ये शब्दातलं स्वराशिवाय येणारं व्यंजन लिहीतच नसत. 'बुंदोक' म्हणजे डोंगर. कागदावर दोनच अक्षरं उमटत, बु आणि दो. उरलेले न आणि क वाचणाऱ्याने आपल्या मनाने घालायचे.

पुढे फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य आलं. स्पॅनिश पाद्र्यांना हे जमेना. 1620 च्या सुमारास फ्रान्सिस्को लोपेझ या धर्मोपदेशकाने अक्षराखाली बारीक क्रूस काढून स्वर मारायची सोय केली. म्हणजे आपला पाय मोडणंच ते. जुन्या नोंदी सांगतात की लोकांनी ही सुधारणा ऐकून घेतली, तोंडभर कौतुक केलं आणि लिहिताना वापरली नाही. त्यांना तिची गरज वाटली नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघेही तीच भाषा बोलणारे होते.

आता एक समज दूर करायला हवा. मनिलात मला अनेकांनी तळमळीने सांगितलं की स्पॅनिश लोकांनी आमची लिपी जाळून टाकली. राग मी समजू शकते, पण कागद वेगळं सांगतात. 1593 साली मनिलात छापलेल्या ख्रिस्ती प्रश्नोत्तरांच्या पुस्तकात टागालोग मजकूर रोमन आणि बायबायिन अशा दोन्ही लिप्यांत आहे. लाकडी ठशांवरून छापलेल्या त्या पुस्तकाची एकच प्रत उरली आहे, ती अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयात. 1604 साली पेद्रो चिरिनो या पाद्र्याने लिहून ठेवलं की इथे वाचता-लिहिता न येणारा पुरुष विरळा, बाई तर त्याहून विरळी. त्याने थोडं वाढवून लिहिलं असेल, तरी बायकांचा वेगळा उल्लेख करावासा वाटला हे महत्त्वाचं. मग 1745 मध्ये तोतानेस नावाचा दुसरा पाद्री लिहितो की ही अक्षरं वाचू शकणारा आता क्वचित भेटतो, लिहिणारा त्याहूनही क्वचित. मधल्या सव्वाशे-दीडशे वर्षांत दरबार, चर्च, जमिनीचे व्यवहार सगळं रोमन अक्षरांत गेलं. ज्याला आपला हक्क टिकवायचा होता त्याने ती अक्षरं उचलली. लिपी अशीच जाते. आपल्याकडे मोडी गेली तेव्हाही कुणी होळी पेटवली नव्हती. छपाई देवनागरीत गेली, शाळेचं पुस्तक देवनागरीत आलं, आणि 1950 च्या सुमारास मोडी वर्गातून उठली.

माझा जीव जिथे गुंतला ते आता सांगते. पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. 2023 साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. माझ्या वर्गातही वाढ झाली ती त्यामुळेच. पण येणारा प्रत्येकजण वाचायला येतो. खापरपणजोबांचा सातबारा, वतनाचा कागद, जन्मनोंद. मोडीत लिहायला कुणी येत नाही. फिलिपिन्समध्ये नेमकं उलट आहे. बायबायिनमधला जुना सलग मजकूर फार थोडा उरलाय. मनिलाच्या सांतो तोमास विद्यापीठात 1613 आणि 1625 ची जमीनविक्रीची दोन खतं आहेत, ती 2014 साली राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झाली. दोन खरेदीखतांना एवढा मान का, ते आपल्यासारख्या कागदांच्या ढिगावर बसलेल्यांना चटकन कळत नाही. वाचायला असं जवळजवळ काही नसताना तिथली तरुण मुलं बायबायिन लिहितात. अंगावर गोंदतात, भिंतींवर रंगवतात, एकमेकांना चिठ्ठ्या लिहितात.

या लाटेत चित्रकलेचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत राहणाऱ्या क्रिस्चन काबुआयने बायबायिनचं सुलेखन, गिरवण्याचे धडे आणि कार्यशाळा यातून परदेशातल्या फिलिपिनो मुलांना लिपीकडे वळवलं. ताइपान लुसेरो जपानी सुलेखनाने भारावला आणि त्याच रुंद कुंचल्याने बायबायिन लिहू लागला. नुसती कला नव्हे, सरकारी शिक्काही आहे. 2010 पासूनच्या नोटांवर 'पिलिपिनो' हा शब्द बायबायिनमध्ये छापतात. पासपोर्टच्या पानांवर एक ओळ आहे. काटिपुनान या 1892 मध्ये स्थापन झालेल्या क्रांतिकारी संघटनेच्या एका झेंड्यावर सूर्याच्या पोटात 'का' अक्षर होतं, आणि आजही ते टीशर्टांवर दिसतं. 'का' लिहायचं म्हणजे एकाखाली एक दोन आडव्या लाटा काढायच्या आणि मधून उभी रेघ ओढून त्या जोडायच्या. लहान मूल दुसऱ्या प्रयत्नात काढतं.

तिथल्या कार्यशाळांत मी आधी शिकायला आणि मग मदतीला बसायचे. सुरुवात नेहमी स्वतःच्या नावाने. आणि पहिली अडचणही तिथेच. मार्क नावाचा मुलगा आला. जुन्या रीतीने लिहिलं तर त्याच्या नावातला फक्त 'मा' उरतो. म्हणून 'र' आणि 'क'च्या खाली क्रूस द्यायचा. बरं, जुन्या लिपीत द आणि र यांना मिळून एकच अक्षर, मग 'र'साठी वेगळं चिन्ह हवं. वेगळा र आजची मंडळी वापरतात. तो 2021 मध्ये युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक यादीतही आला. बायबायिन स्वतः तिथे 2002 पासून आहे, आपली मोडी 2014 मध्ये पोचली. क्रूस वापरावा की नाही यावर तिथे भांडणं होतात. लोपेझची खूण ही वसाहतीची खूण, असं म्हणणारे आहेत. माझं मत स्पष्ट आहे, ज्याला आपलं नाव पूर्ण लिहायचंय त्याला ते लिहू द्यावं. जुना कागद वाचताना जुनी रीत माहीत असली म्हणजे झालं.

एका मुलीने घरी जाऊन आजीला बायबायिनमध्ये चिठ्ठी लिहिली. आजीला तिकडे लोला म्हणतात. लोलाला ती वाचता येईना, आणि नातीने अर्थ सांगायला नकार दिला. पुढच्या शनिवारी लोला स्वतः वर्गात हजर. चष्मा चढवून, वही उघडून, "मला एवढं वाचण्यापुरतं शिकवा" म्हणाली. चिठ्ठीत एवढंच होतं, की रविवारी सिनिगांग कर. चिंचेच्या आंबट रश्शाची मागणी. वाचून झाल्यावर तिने त्याच कागदाखाली अक्षरं जुळवत उत्तर लिहिलं. चिंच तू आण.

तेव्हा माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली. लिपी शोभेची झाली की लोक तिच्याकडे बघतात, पण ती हातात तेव्हाच राहते जेव्हा कुणाला कुणाला तरी काही कळवायचं असतं.

याचा पुरावा फिलिपिन्समध्येच आहे. बातांगासहून बोटीने मिंदोरो बेटावर कालापानला जाता येतं. तिथे मांग्यान लोकांचं वारसा केंद्र आहे. मिंदोरोच्या डोंगरांतल्या हानुनुओ आणि बुहिद मांग्यानांनी, तसंच पालावान बेटावरच्या टागबानवांनी आपल्या लिप्या कधी पूर्ण सोडल्याच नाहीत. बायबायिनच्या या बहिणी. 1999 मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृती यादीत त्या घेतल्या. हानुनुओ लोक सुरीच्या टोकाने बांबूवर कोरतात, आणि स्वतःपासून दूर, खालून वर कोरत जातात, कारण सुरी अंगाकडे ओढणं धोक्याचं. काजळी चोळली की अक्षरं काळी होऊन उठतात. काय कोरतात? आंबाहान. सात अक्षरी चरणांची, यमक जुळवलेली कविता. प्रेमाची, पाहुण्याच्या स्वागताची, आईने मुलाला द्यायच्या समजुतीची. हॅरल्ड कॉंक्लिन हा मानववंशशास्त्रज्ञ 1940 च्या दशकात त्यांच्यात राहिला. त्याने नोंदवलं की शाळा नाही, गुरुजी नाहीत, तरी तरुण मुलंमुली ही लिपी शिकतात, आणि ती मुख्यतः प्रेमगीतं जमवायला आणि लिहायला. पानायतायान गावच्या गिनाव बिलोग या हानुनुओ कवीला 1993 मध्ये आंबाहान जपल्याबद्दल देशाचा सर्वोच्च लोककला सन्मान मिळाला. पोस्त्मा, ज्याने तो ताम्रपट वाचला, तोही याच मांग्यानांमध्ये आयुष्य काढलेला माणूस.

म्हणूनच 2018 साली बायबायिनला राष्ट्रीय लिपी करणारं विधेयक संसदेच्या समितीत मंजूर झालं तेव्हा मी खूश नव्हते. ते पुढे कायदा झालं नाही. टागालोग लोकांची लिपी साऱ्या देशाची ठरवली तर मांग्यानांचं काय? पाम्पांगा प्रांतात कुलितान लिपी आहे, उभी लिहितात, ओळी उजवीकडून डावीकडे. दक्षिणेकडच्या मिंदानाव बेटावरच्या मुसलमान समाजांनी पिढ्यान्‌पिढ्या अरबी अक्षरांत लिहिलं आहे. फॅशनच्या दुकानात मांग्यान अक्षरं 'प्राचीन बायबायिन' म्हणून विकलेली मी पाहिली, तेव्हा वाईट वाटलं. आजही बांबूवर लिहिणारी माणसं बोटीच्या अंतरावर राहतात, आणि त्यांच्या नावाचा उल्लेखही नाही. पण तिथलीच सुलेखन करणारी तरुण मंडळी आता हे बोलून दाखवतात, मांग्यानांना कार्यशाळेत शिकवायला बोलावतात, त्याचं मानधन देतात. याचा मला फार आनंद आहे.

तर माझं तिकडे अडलंय ते हे. परत आल्यावर मी मोडीचा वर्ग बदलला. जुना दस्त पहिल्या आठवड्यात हातात देत नाही. आधी शेजारच्याला मोडीत दोन ओळी लिहायच्या, त्याने वाचून खाली उत्तर लिहायचं. किराण्याची यादी चालते, चहाचं आमंत्रण चालतं. रुसलेल्या मैत्रिणीला लिहिलेलं तर सगळ्यात उत्तम वाचलं जातं. दस्त वाचणं त्यानंतर येतं, आणि लवकर येतं, कारण लिहिणाऱ्याचा हात कुठे घाईत वळतो हे आता त्यांना स्वतःच्या हाताने ठाऊक असतं. ज्यांना बायबायिनही शिकायची आहे त्यांनी वर्गानंतर थांबावं. 2019 पासून गूगलच्या जीबोर्डवर तिचा कीबोर्ड आहे, तो फोनमध्ये घालून या. देवनागरी येत असेल तर सतरा अक्षरं एका दुपारी होतात, आणि मनिलातली मंडळी आपल्या वर्गातल्या मुलांच्या चिठ्ठ्यांना हौसेने उत्तरं पाठवतात.