आमची वाटचाल : एकशे सव्वीसचं कुलूप

२०१८ साली छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात तीन खोल्या भाड्याने घेऊन आम्ही एस्केप रूम काढली, म्हणजे बंद खोलीतून कोडी सोडवत वेळेत बाहेर पडायचा खेळ, तेव्हा घरमालकानेच विचारलं होतं, "पैसे देऊन कोंडून घ्यायला कोण येतंय ओ?"

कल्पना दौलताबादच्या अंधारीतली. शत्रूने किल्ल्यात शिरावं आणि वळणावळणांत चुकावं म्हणून खोदलेला तो भुयारी रस्ता म्हणजे जुनी एस्केप रूमच, फक्त तिकीट नव्हतं. आम्ही विषय घेतला काळप्रवासाचा. पहिली खोली १३२७ ची, तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली तेव्हाची. दुसरी १६१० ची, मलिक अंबरच्या खडकीची, म्हणजे आमच्याच शहराच्या जुन्या रूपाची. तिसरी १७ सप्टेंबर १९४८ ची, मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्या दिवसाची. चार-सहा मित्रांनी साठ मिनिटांत सहाशे वर्षं ओलांडायची.

मी आणि पार्टनर, दोघांनीच सगळी वायरिंग केली. बारा व्होल्टची मॅग्नेटिक कुलपं, रीड स्विच, रिले बोर्ड, आणि सगळं चालवणारा आर्डुइनो नावाचा छोटा कंट्रोलर. दगडी शिलालेख थर्माकोलचा, त्यावर सिमेंटचा हात. तिसऱ्याच दिवशी पोरं तुघलकाशी झगडत असताना लाइट गेली. मॅग्नेटिक कुलपाला करंट नाही म्हणजे पकड नाही. टक्, टक्, टक्, तिन्ही दारं उघडली आणि पोरं नवव्या मिनिटाला १९४८ पार करून जिन्यात! "सर, आमचा रेकॉर्ड लिहा," म्हणाली.

तेव्हा सगळे सांगायचे, कुलपांना बॅटरी लावा. मी कंट्रोलर आणि स्क्रीनला यूपीएस दिला, कुलपांना नाही. आजही देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडमधल्या कोशालिनला एस्केप रूमला आग लागली आणि आत अडकलेल्या पाच मुली गेल्या. या धंद्यात यायचं असेल तर एवढं ऐका : बाहेर पडायचं लाल बटण प्रोग्रामच्या भरवशावर ठेवू नका. सरळ कुलपाच्या वायरमध्ये घाला. बटण दाबलं की करंट तुटला पाहिजे, मग आर्डुइनो झोपलेला असो की जागा. आणि बाहेरून कडी? कधीच नाही.

मधली वर्षं बरी गेली. मार्च २०२० ला शटर खाली आलं. कोंडून घेण्याचा खेळ, आणि अख्खा देशच घरात कोंडलेला! भाडं थकलं, मी मोटरसायकल विकली, बायकोच्या पाटल्या गहाण गेल्या. पार्टनर आधी फोन उचलेनासा झाला, मग एक दिवस आला आणि माझी निळी वही "बघून देतो" म्हणून घेऊन गेला. वहीत प्रत्येक खोलीचा नकाशा, प्रत्येक कोड्याचं उत्तर. पुढच्या दिवाळीत सिडकोत नवीन बोर्ड लागला, 'मराठवाड्यातला पहिला काळप्रवास'. तेच तीन काळ, तोच थर्माकोल. पहिला म्हणे!

आम्हाला तारलं पैठणच्या एका निवृत्त गुरुजींनी. दर १७ सप्टेंबरला जुन्या वर्गमित्रांना घेऊन यायचे. शटर उघडल्यावर पहिलं बुकिंग त्यांचंच, आणि पैसे आगाऊ. त्या दिवशी तिसऱ्या खोलीत एक पेटी होती : आत १४७ हाली, म्हणजे निजामी, रुपये लिहिलेली चिठ्ठी, बाजूला कलदारचा, म्हणजे इंग्रजी रुपयाचा, हिशेब, तीन आकडी कुलूप. आमचं उत्तर होतं १४७. रुपया तो रुपया, असा माझा हिशेब. गुरुजी कुलपापाशी बसूनच राहिले. वेळ संपली. मी आत गेलो तर म्हणाले, "बाळा, निजामाचे सात हाली म्हणजे इंग्रजांचे सहा कलदार. माझ्या वडिलांनी या बदलापायी दुकानात भांडणं केलीत. तुझं कुलूप खोटं आहे."

एकशे सत्तेचाळीसला सातने भाग, सहाने गुण. एकशे सव्वीस. त्याच संध्याकाळी कुलपाचा आकडा बदलला. (आता पुन्हा बदललाय, उगाच हे वाचून येऊ नका.) गुरुजींना त्या दिवसापासून तिकीट नाही, तरी ते काउंटरवर पैसे ठेवूनच जातात.

गेल्या महिन्यात एक ग्रुप दोन्हीकडे खेळून आला. मी सहज विचारलं, त्या पेटीचं उत्तर तिकडे काय होतं?

"एकशे सत्तेचाळीस," पोरगी म्हणाली.

म्हणजे वही आहे अजून.