तळघरातला ब्लोअर: स्पीड वाढवण्याआधीची कामं

ऑक्टोबरअखेर

मिशिगनची थंडी सुरू झाली आणि फर्नेसची, म्हणजे घर गरम करणाऱ्या गॅस भट्टीची, जुनी खोडही. बर्नर पेटतात, काही मिनिटं नीट जळतात आणि मध्येच विझतात. गरम हवा घरात ढकलणारा पंखा, म्हणजे ब्लोअर, मात्र फिरतच राहतो. थोड्या वेळानं पुन्हा तेच. बोर्डावरचा दिवा लिमिट स्विच (फार तापलं की बर्नर बंद करणारा) उघडल्याचा कोड दाखवतो. म्हणजे हवा कमी पडतेय आणि हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता हवेला देणारा पत्र्याचा भाग) नको तितका तापतोय. अशा वेळी लिमिट स्विच बदलायला सांगणारे खूप भेटतात. तो स्विच तर आपलं काम चोख करतोय, त्याला कशाला शिक्षा?

दुसरा हमखास सल्ला म्हणजे ब्लोअरचा स्पीड एक पायरी वर करा. हा निदान विचार करण्यासारखा आहे, पण आधी मोजमाप.

फर्नेस ताशी ८०,००० बीटीयू (उष्णतेचं माप) इनपुटची आणि ८० टक्के कार्यक्षमतेची, म्हणजे घरात येणारी उष्णता ताशी ६४,००० बीटीयू. आतल्या पत्र्यावर तापमानवाढीची मर्यादा ३५ ते ६५ अंश फॅरनहाइट छापलेली आहे. रिटर्नच्या, म्हणजे घरातून फर्नेसकडे परत येणाऱ्या, हवेत एक थर्मामीटर लावला. दुसरा गरम हवा घरात नेणाऱ्या सप्लाय डक्टमध्ये, पहिल्या वळणाच्या पुढे. अगदी फर्नेसच्या तोंडाशी लावला तर तापलेल्या पत्र्याची धग थेट त्याच्यावर पडते आणि आकडा फुगतो. (भोक पाडताना एसीची कॉइल आणि तिच्या खालची ताटली कुठे आहे, हे आधी बघा.) घरातल्या सगळ्या जाळ्या उघड्या ठेवल्या, आकडे स्थिरावू दिले. फरक ७३ अंश.

गॅसच जास्त जळत असेल तरी हा फरक वाढतो, म्हणून वॉटर हीटर बंद करून मीटरही तपासला. दोन घनफुटांच्या काट्याला एक फेरी घ्यायला ९३ सेकंद लागले. बिलावर घनफुटाला १,०४० बीटीयू दिलेत, त्यावरून इनपुट ८०,००० च्या आसपासच येतो. गॅसचा दोष नाही. त्यात काही निघालं असतं तर परवानाधारक माणसालाच बोलावलं असतं, गॅस व्हॉल्व्हला मी हात लावत नाही.

उष्णता भागिले (१.०८ गुणिले तापमानाचा फरक), या सूत्रानं हवा येते मिनिटाला साधारण ८१० घनफूट.

मग हवेचा दाब मोजणारा मॅनोमीटर. फिल्टर आणि ब्लोअरच्या मध्ये एक नळी, फर्नेस आणि कॉइलच्या मध्ये दुसरी. एकूण स्थितिक दाब (ब्लोअरला किती अडथळ्याविरुद्ध हवा ढकलावी लागते ते) पाण्याच्या ०.४६ इंच. पत्र्यावर कमाल मर्यादा ०.५. इथे बरेच जण दाब ठीक आहे म्हणून सुटकेचा श्वास टाकतात. पण डक्ट तुंबलेला असता तर दाब चढलेला दिसला असता. दाबही बेताचा आणि हवाही कमी, म्हणजे ब्लोअरच हवा ढकलत नाहीये.

नोव्हेंबर, पहिला शनिवार

ब्लोअर बाहेर काढला. स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद, मग कपॅसिटर रेझिस्टर लावून रिकामा केला. हा आपल्या छतपंख्याच्या कंडेन्सरचाच भाऊ. छापलेली किंमत ७.५ मायक्रोफॅरड, मोजली तर ७.३. सहा टक्क्यांची सूट धरता उत्तम. वायरींचे फोटो काढून ठेवले, दोन बोल्ट सोडले आणि ब्लोअरचं पत्र्याचं घर रुळावरून सरकवत बाहेर घेतलं.

चाकाची पाती पुढे वळलेली असतात, प्रत्येकाला एक छोटी खोलगट वाटी असते. हवा पकडते ती ही वाटी. ती धुळीनं आणि लिंटनं भरली होती, पातं जवळजवळ सपाट झालेलं. बाहेरून बघताना चाक फक्त मळकट दिसतं, खरी घाण बोट फिरवल्यावर कळते.

शाफ्टवर गंज होता. आधी बारीक सँडपेपर, मग पेनिट्रेटिंग ऑइल, आणि चहा होईपर्यंत वाट. हातोडा मारायचा नाही, चाक वाकलं की संपलं. चाक शाफ्टवर कुठवर बसलंय त्याची खूण आधीच करून घेतली. मोटर वेगळी काढून चाक टूथब्रश आणि भांड्यांच्या साबणानं धुतलं. पात्यांवरच्या छोट्या क्लिपा समतोलासाठी असतात, घाण समजून उपटू नका. माझ्या मोटरची बेअरिंग बंद आहेत. तेलाची भोकं असतील तर वर्षाकाठी मोटर ऑइलचे मोजके थेंब पुरतात.

जोडताना सेट स्क्रू शाफ्टच्या सपाट बाजूवरच बसला पाहिजे. चाक हातानं फिरवून दोन्हीकडे घासत नाही ना ते बघितलं.

नवा आकडा ६३ अंश, हवा ९४० च्या आसपास. दाब मात्र ०.६१ वर गेला! हे अपेक्षितच. चाक आता खरी हवा ढकलतंय, त्यामुळे आजवर झाकलेला अडथळा उघडा पडला. नुसत्या फिल्टरपाशी ०.२८ इंच जात होते. एक इंच जाडीचा मर्व्ह १३, ॲलर्जीसाठी हौसेनं लावलेला. (मर्व्ह म्हणजे फिल्टर किती बारीक धूळ अडवतो त्याचा दर्जा.) त्याच मापात मर्व्ह ८ लावला. एकूण दाब ०.५० वर आला, फरक ५९ अंशांवर.

थँक्सगिव्हिंगनंतर

आता स्पीडचा प्रयोग, उत्सुकता म्हणून. मोटरवरच्या चिठ्ठीप्रमाणे काळी वायर हाय, निळी मीडियम, पिवळी मीडियम लो, लाल लो. रंगांवर विसंबू नका, चिठ्ठी वाचा. 'हीट'वर पिवळी होती, ती 'पार्क'वर (न वापरलेल्या वायरी ठेवायच्या जागी) ठेवून निळी लावली. एका वेळी एकच स्पीड वायर चालू, दोन जोडल्या तर मोटर जळते.

फरक ५१ अंश, अगदी मर्यादेच्या मधोमध. पण दाब ०.६६ आणि बेडरूमच्या जाळीतून शिट्टी. पिवळी परत लावली. ५९ मर्यादेत आहे, लिमिट स्विच गप्प आहे, मग मोटरला कशाला दामटायचं? सुरुवातीलाच स्पीड वाढवला असता तर भरलेल्या चाकावरही फरक थोडा उतरला असता आणि धूळ तशीच साचत राहिली असती.

हे सगळं साध्या, कपॅसिटरवर चालणाऱ्या पीएससी मोटरचं. ३ जुलै २०१९ पासून अमेरिकेत नव्या फर्नेसच्या पंख्यांना वीजवापराचे कडक नियम लागू झाले, तेव्हापासून बहुतेक ईसीएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरी येतात. त्यातल्या काही अडथळा वाढला की आपणच जोर लावून हवा टिकवतात, म्हणून त्यांच्यावर तापमानवाढ ठीक दिसली तरी दाब मोजाच.

राहिलेली कामं: पंखा बंद होण्याचा अवकाश १२० सेकंदांवर आहे, बर्नर विझल्यावर शेवटी येणारी हवा अजून चांगली गरम असते, म्हणून १५० करून बघणार. आणि मोठं काम रिटर्नचं. उन्हाळ्यात तीन टनी एसीला मिनिटाला १,२०० घनफूट लागतात, त्यासाठी ब्लोअर काळ्या वायरवर चालतो. या डक्टमध्ये तेव्हा दाब ०.७ च्या पुढे जाणार हे हिशोबानंच दिसतंय. मेच्या आत रिटर्नला आणखी एक जाळी काढायची, आणि चार इंची फिल्टर बसेल असा खोका घालायचा, म्हणजे मर्व्ह १३ ला परत जागा मिळेल.