गव्हावर गहू

हिंगाच्या डबीवरची अक्षरं कुणाच्या डोळ्यांसाठी छापतात कोण जाणे. त्या दुपारी चष्मा लावला, डबी खिडकीशी नेली, तिरकी धरून पाहिली. शेवटी मोबाइलवर फोटो काढून दोन बोटांनी मोठा केला, तेव्हा कुठे वाचता आलं. डिंक, मैदा, हिंग. हिंगाच्या डबीत हिंग तिसरा.

तोवर मला आजारापायी गहू सोडून चार महिने झाले होते. रक्तातला त्या आजाराचा आकडा उतरत होता, पण मुंगीच्या पावलांनी. आहारतज्ज्ञ बाईंनी बिस्किटं विचारली, ब्रेड विचारला, हॉटेल विचारलं. सगळ्याला मी ताठ मानेनं "नाही" म्हणाले. मग त्यांनी सहज विचारलं, "फोडणीला हिंग कुठला?" मला हसूच आलं. अहो, चिमूटभर तर असतो! पण तीच चिमूट वरणात, भाजीत, ताकात, लोणच्यात आणि पापडात. गव्हातलं प्रथिन म्हणजे ग्लूटेन, आणि ग्लूटेनमुक्त म्हणून विकायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, असा आपल्याकडचा नियम. माझ्या चिमटीत किती मावतं, हा हिशोब मी केला नाही. डबी बंद केली आणि खालच्या मजल्यावर देऊन टाकली. नंतर घरातलं मेतकूटही गेलं, कारण त्यातही मूठभर गहू भाजून घातलेले असतात. मेतकूट-भातावर आजारी माणसं उठून बसतात म्हणे.

आजाराचं फार सांगत नाही. कितीतरी वर्षं हिमोग्लोबिन आठ-साडेआठच्या वर जाईना. लोहाच्या गोळ्या झाल्या, बीट झालं, खजूर झाले, लोखंडी कढईतल्या पालेभाज्या झाल्या. मग एका डॉक्टरांनी वेगळीच रक्ततपासणी लिहून दिली आणि पाठोपाठ दुर्बीण घालून लहान आतड्याचे चार-सहा तुकडे काढले. आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, तुमची झिजून सपाट झाली आहे, असं त्यांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. गव्हातल्या ग्लूटेनमुळे शरीर आपल्याच आतड्यावर उठतं. सीलिअ‍ॅक. पंजाब-हरियाणाकडे जास्त दिसतो, आपल्याकडे कमी, असंही म्हणाले. कमीत आपला नंबर लागला याचं क्षणभर कौतुकच वाटलं.

औषध काहीच नाही. गहू, जव आणि राय नावाचं धान्य सोडायचं, जन्मभर. राय मी कधी पाहिलेली नाही, त्यामुळे ती सोडणं सोपं गेलं.

बार्शीला आम्ही चपाती म्हणायचो. लग्न होऊन पुण्यात आले तेव्हा तिची पोळी झाली, आणि जिभेला ते वळण लागायला दोन-तीन वर्षं गेली. आता दोन्ही चालत नाहीत.

नातेवाइकांबद्दल काय बोलायचं? सगळे प्रेमळ आहेत. मावससासूबाईंनी खास माझ्यासाठी लाडू केले होते. "तुला गहू चालत नाही ना, म्हणून मुद्दाम रव्याचे केले हो." एका लग्नात वाढपी म्हणाला, "मॅडम, पुरी तर तेलात तळलेली आहे." आणि "एका घासानं काय होतंय?" हे तर इतक्या जणांनी विचारलं, की मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. हल्ली सरळ "उपास आहे" म्हणते. कुणी पुढे एक शब्द विचारत नाही. साबुदाणा, वरी, राजगिरा, शिंगाडा, सगळं माझ्या पथ्यात बसणारं. तो लांबचा आजार समजावून सांगायला अर्धा तास लागतो, एकादशी सगळ्यांना कळते. फक्त एकदा एकीनं विचारलं, "आज मंगळवारी कसली एकादशी?" मी म्हटलं, "माझी."

घरात वेगळा तवा आला, वेगळी परात आली, पोळपाट वेगळा. गव्हाचं पीठ लागलेला हात माझ्या डब्याला लागला की मी ओरडते. माझी भाकरी आधी, मग सगळ्यांच्या पोळ्या, कारण एकदा पोळ्या लाटायला घेतल्या की पीठ ओटाभर उडतं. आजेसासूबाईंचं सोवळं मी पाहिलेलं नाही. लग्नात त्यांच्या गोष्टी ऐकून मीच सर्वांत मोठ्यानं हसले होते. परवा सासूबाई म्हणाल्या, "त्यासुद्धा एवढं पाळत नव्हत्या गं."

भाकरी मला येत नव्हती. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलीला भाकरी येत नाही, हे मी वीस वर्षं लपवून ठेवलं होतं. आईला वाटायचं शिकलेल्या मुलीला चपाती आली की झालं. शेवटी आमच्या पोळ्या करणाऱ्या मावशींकडे शिकायला बसले. त्या लातूरकडच्या. माझी पहिली भाकरी उचलली तेव्हा अर्धी हातात आली आणि अर्धी परातीत राहिली. मावशींनी पीठ चिमटीत चोळून पाहिलं. "ताई, याची विरी गेली. किती दिवसाचं हाय?"

तीन आठवड्यांचं होतं. पिठाची विरी गेली की भाकरी तुटते, हे आजीच्या तोंडी शंभरदा ऐकलेलं. पण विरी म्हणजे नेमकं काय ते विचारायचं कधी सुचलं नव्हतं. ज्वारीला चिकटून राहायला ताजं पीठ लागतं, कढत पाणी लागतं आणि मनगट लागतं. गव्हाला यातलं काही लागत नाही. त्याची विरी जन्माची असते, आणि नेमकी तीच मला बाधते.

तिला मी लहानपणी चांगली ओळखत होते, फक्त नाव माहीत नव्हतं. रविवारी सकाळी दळणाचा डबा डोक्यावर घेऊन मला गिरणीत पाठवायचे. आईची एकच सूचना, घरातून आणि मग पुन्हा कोपऱ्यापर्यंत मोठ्यानं: "गव्हावर गहू टाकायला सांग! ज्वारीवर घातलं तर आणू नको!" ज्वारीवर गहू दळला की चपाती काळपट होते, चिरते. आईला ते पहिल्या चपातीलाच कळायचं, आणि मग मला परत पाठवून गिरणीवाल्या काकांशी भांडायला लावायची. मी काय भांडणार? काका नखशिखांत पांढरे असायचे, भुवया, पापण्या, कानातले केससुद्धा. पट्ट्याचा एवढा आवाज, की भांडण त्यांना ऐकूच जायचं नाही. ते नुसते हसायचे आणि पीठ पडायच्या कापडी तोंडावर लाकडानं दोन टोले मारायचे.

रांगेत डबे लागलेले असायचे, आणि आम्ही पोरं डब्यातले गहू मुठीनं तोंडात टाकायचो. चावत राहायचं, गिळायचं नाही. आधी दुधासारखी गोड लाळ सुटते, मग कोंड्याची कचकच होते, ती थुंकायची. शेवटी तोंडात चिवट, करडं, रबरासारखं काहीतरी उरतं. गव्हाचं च्युइंगम. कुणाचं जास्त ताणतं याची पैज लागायची. शेजारच्या वाड्यातला एक मुलगा त्याचा फुगा करायचा, निदान तसं सांगायचा. मी दोन बोटांत धरून ते वीतभर ताणलेलं मला आठवतं.

पिष्ट लाळेत विरघळून जातं आणि मागे राहतं ते ग्लूटेन. मी ते चार पैसे न देता, गिरणीच्या पायरीवर बसून, दर रविवारी तयार करत होते.

आता मला "ज्वारीवर ज्वारी" म्हणायला हवं होतं. तेवढ्यानंही भागलं नसतं, कारण गिरणीत पीठ हवेतच असतं. म्हणून घरघंटी घेतली. ती बाल्कनीत गुरगुरते, शेजारी दार लावून घेतात.

गव्हानं हे होतं, हे विलेम डिके नावाच्या डच डॉक्टरांनी 1950 मध्ये आपल्या प्रबंधात मांडलं. संशय त्यांना आधीपासून होता. त्यात 1944-45 चा युद्धातला हिवाळा आला, हॉलंडमध्ये ब्रेड मिळेना. लोक उपाशी होते, आणि त्यांची ही आजारी मुलं मात्र सुधारत होती. पुढे ब्रेड परत आला, आणि त्याच्याबरोबर मुलांचं दुखणंही. हे वाचलं तेव्हा मला हॉलंड दिसलंच नाही. आजी दिसली.

आजी 1972 च्या दुष्काळाचं सांगायची. खडी फोडायचं काम, रेशनवरची लाल मिलो ज्वारी, तिची घशाखाली न उतरणारी भाकरी. आमच्याकडे गहू तेव्हा सणापुरताच असायचा. पुढे तो रोजचा झाला, तरी आजीनं ज्वारी सोडली नाही. होळीला सगळ्यांना पुरणाची पोळी वाढून ती स्वतः कालची कडक भाकरी आमटीत चुरायची. आग्रह केला की म्हणायची, "मला गव्हाचं न्हाई सोसत. प्वाट फुगतं. तुमी खावा." आम्हाला वाटायचं, मुलांना पोटभर मिळावं म्हणून म्हणते. आई तर एकदा चिडून म्हणाली होती, "पुरे झाला त्याग, आता काही कमी नाही घरात." आजी काही बोलली नाही, चुरत राहिली. ती फिकी होती, लवकर दमायची, पाय सुजायचे. तिचं रक्त कधी कुणी तपासलं नाही.

हे घराण्यात चालतं, असं डॉक्टर म्हणाले. आईची तपासणी झाली, काही निघालं नाही. आता मुलीची राहिली आहे. ती बारा वर्षांची आहे, आणि गेले सहा महिने खेळून आली की आडवी होते. तपासणीआधी गहू सोडायचा नसतो, नाहीतर आजार असला तरी रक्तात दिसत नाही. म्हणून ती सध्या रोज पोळी खाते, आणि मी शेजारी भाकरी घेऊन बसते.

मावशी आत्ताच आल्या. परात काढता काढता रोजच्यासारखं विचारलं, "ताई, किती करू?"

सासूबाईंची दीड, ह्यांच्या तीन. "आणि हिच्या दोन धरा," मी म्हटलं. रक्त सोमवारी द्यायचं आहे.