पाचवीतली उंच मुलगी दहाच वर्षांची असते

पाचवीच्या वर्गाची रांग पाहा. शेवटी उभी असलेली मुलगी पहिल्या मुलापेक्षा वीतभर उंच असते, आणि वय दोघांचं दहाच. मग शाळेत शिस्त राखायचं काम तिच्याकडे येतं, घरी धाकट्या भावाला सांभाळायचं, आणि कधी रडू आलं तर "एवढी घोडी झालीस अन् रडतेस?" ऐकावं लागतं. हाडं लांबली म्हणून रडू आवरायची ताकद त्याच वेगाने येत नाही. नऊ ते बारा या वयाच्या मुलांबाबत मोठ्यांची सर्वात जास्त होणारी चूक हीच, आणि ती मुलांना फार लागते.

वयात येण्याआधी मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंमी वाढतं. मुलींची झेप बहुधा दहा-अकराव्या वर्षी सुरू होते, मुलग्यांची त्यानंतर दोनेक वर्षांनी. ऐन भरात मुली वर्षाला ८ सेंमीच्या आसपास वाढतात, मुलगे ९ ते १०. आधी पावलं आणि हातपाय लांबतात, धड मागून येतं. म्हणून जूनमध्ये घेतलेले बूट दिवाळीला चावतात आणि हातातला पेला सुटतो. हा धांदरटपणा नव्हे. लांबलेल्या हाताचा अंदाज मेंदूला अजून यायचा असतो.

उंची मोजायची तर तीन महिन्यांनी एकदा, सकाळी, अनवाणी. टाचा, कुल्ले आणि खांदे भिंतीला टेकलेले, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीशी काटकोनात धरून त्याच्या खालच्या कडेला पेन्सिलीची खूण करावी. संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सुमारे एक सेंमीने कमी भरतो, त्यामुळे वेळ बदलली की हिशेब चुकतो. वर्षभरात ४ सेंमीपेक्षा कमी वाढ झाली, किंवा मुलीची छाती आठ वर्षांच्या आत वाढू लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं.

छातीत पहिली गाठ जाणवल्यापासून पाळी यायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. म्हणजे पाळीबद्दल बोलायला चौथी-पाचवी हीच वेळ. सातवीपर्यंत थांबलं तर पुष्कळ मुलींना उशीर झालेला असतो. दप्तरात एका छोट्या पिशवीत दोन पॅड, एक जादा चड्डी आणि कागदी पिशवी ठेवावी. हे मुलग्यांनाही सांगावं, म्हणजे वर्गात डाग दिसल्यावर हसू उसळत नाही.

डोक्याची वाढही अशीच फसवी. मूल मोठ्या माणसासारखं बोलतं, वाद घालतं, आणि १/३ + १/४ = २/७ लिहितं. त्याच्या लेखी अपूर्णांक म्हणजे वर-खाली लिहिलेल्या दोन सुट्या संख्या. १/८ हे १/४ पेक्षा मोठं वाटतं तेही त्यामुळेच, आठ चारापेक्षा मोठे म्हणून. छेद समान करण्याची रीत पाठ करून घेतली तर उत्तर बरोबर येतं, समज तशीच राहते. त्यापेक्षा २४ सेंमीची कागदाची पट्टी कापावी. तिचा तिसरा भाग ८ सेंमी, चौथा भाग ६ सेंमी. दोन्ही जोडून ठेवले की १४ सेंमी, म्हणजे १४/२४, म्हणजेच ७/१२. मग विचारावं, "पट्टीचे सात सारखे भाग करून दोन घेतले तर किती?" सात सेंमीसुद्धा भरत नाहीत. बेरीज करून उत्तर १/३ पेक्षाही लहान आलं हे मूल स्वतःच्या हाताने बघतं, आणि तिथे ते खरोखर थबकतं. ते थबकणं महत्त्वाचं. लगेच उत्तर सांगू नये.

मराठी मुलांना आणखी एक आधार आहे: पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच. दुकानात पाऊण किलो साखर मागणारं मूल ३/४ रोजच वापरतं, फक्त वहीतल्या चिन्हाशी त्याची गाठ घालून द्यायची राहिलेली असते.

आता रांगेतल्या पहिल्या मुलाकडे येऊ. सहाव्या वर्षी लगोरीत लिंबूटिंबू असणं मजेचं असतं. दहाव्या वर्षी तो अपमान असतो. या वयात मुलं स्वतःला सारखी इतरांशी ताडून बघतात, आणि दोन कप्तान एकेक गडी निवडू लागले की शेवटी कोण उरतो हे अख्ख्या मैदानाला दिसतं. जुनी पद्धत अधिक शहाणी आहे. सारख्या ताकदीच्या दोघांनी जोडी करायची, बाजूला जाऊन गुपचूप नावं घ्यायची, एक आंबा, एक चिंच. कप्तानाने फक्त नाव मागायचं. कुणी उरत नाही. जोड्या मुलांनाच लावू द्याव्यात. भांडणं होतील, ती पाच-दहा मिनिटं त्यांनाच मिटवू द्यावीत. मोठ्यांनी लावल्या तर त्या बहुधा उंचीवरून लावल्या जातात. लगोरीत बघायचा तो नेम आणि पळण्याचा वेग.