पत्ता काढून टाक, ताई

रविवार, रात्री

मेलबर्नच्या नोकऱ्यांसाठी केलेला माझा रेझ्युमे विनीतनं तिथून बघून दिला. बाकी सगळं ठीक आहे म्हणाला. दोनच पानं आहेत, फोटो नाही, जन्मतारीख नाही, तिकडच्या पद्धतीनं बसलंय. "फक्त नावाखालचा तो पत्ता काढून टाक, ताई. माझा इथला टाक, नंबरही माझाच दे. नाहीतर कुणी उघडून बघायचं नाही."

तो माझ्या भल्याचंच सांगतोय. तरी दुपारपासून ती एक ओळ डोक्यातून जात नाही. सिडको, एन-६, छत्रपती संभाजीनगर. पुसायला एक सेकंद लागतो. पुसली आणि परत लिहिली. मग लॅपटॉप बंद करून भाजी निवडत बसले.

नकार येतात त्याचं मला एवढं काही वाटत नाही. नकाराची सवय झाली आता. पण ह्या ओळीनं का इतकं लागावं?

सगळ्यांना वाटतं, व्हिसा मिळाला म्हणजे झालं. पेढे वाटले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं. ऑस्ट्रेलियाचा १९० क्रमांकाचा व्हिसा, तिथल्या व्हिक्टोरिया राज्याचं नॉमिनेशन, म्हणजे कायमचं राहण्याची आणि काम करण्याची पूर्ण मुभा. त्यासाठी इंजिनिअर्स ऑस्ट्रेलिया ह्या तिकडच्या संस्थेला तीन करिअर एपिसोड, म्हणजे स्वतःच्या कामातले तीन प्रसंग, लिहून दिले होते. टीमनं काय केलं ते चालत नाही, तुम्ही स्वतः काय केलं ते लिहा. मी वाळूजच्या आमच्या कारखान्यातलं लिहिलं. ॲल्युमिनियमच्या हाउसिंगमध्ये बारीक छिद्रं राहायची. पाण्यात बुडवून आत हवा सोडली की एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ वर यायची. ती डायच्या, म्हणजे साच्याच्या, कुठल्या जागेतून येते हे शोधायला मी रात्रपाळीला थांबले होते, शिंदेमामा टॉर्च धरून उभे होते. ते सगळं लिहिलं, आणि ते वाचून त्या लोकांनी मला इंजिनिअर मानलं. आणि आता त्याच देशात माझा पत्ता बघून कागद बाजूला पडतो.

फॉर्ममध्ये पहिला प्रश्न कामाच्या परवानगीचा असतो. तिथं मी छाती पुढे काढून पर्मनंट रेसिडेंटवर टिक करते. पुढचा प्रश्न, सध्या कुठे आहात. तिथं हात थांबतो.

तिकडून नोकरीसाठी एक फोन मात्र आला होता. पहाटे पावणेपाचला, म्हणजे त्यांचे सव्वानऊ. दुसऱ्या रिंगला उचलला, ईशू उठू नये म्हणून ओट्याजवळ जाऊन बोलले. बाई चांगली होती. ऑडिट किती केली, पुरवठादारांचं काम बघितलंय का, सगळं नीट विचारलं. मीही नीट सांगितलं, अडखळले नाही. शेवटी तिनं विचारलं, मेलबर्नमध्ये कुठल्या भागात राहता? मी म्हटलं, अजून भारतात आहे. ती थोडी थांबली आणि म्हणाली, आलात की नक्की फोन करा. अगदी मनापासून म्हणाली. पण आलात की, म्हणजे कशाच्या भरवशावर यायचं?

कारण तिकडचं गणित असं आहे. घर भाड्यानं घ्यायचं तर पगाराची स्लिप मागतात. स्लिप हवी तर नोकरी हवी. नोकरी हवी तर तिथला पत्ता हवा, आणि पत्ता हवा तर घर. टॅक्स फाइल नंबरचा, म्हणजे त्यांच्याकडच्या पॅनसारख्या नंबरचा, ऑनलाइन अर्जसुद्धा त्या देशात उतरल्यावरच करता येतो. बेकारभत्त्याला नव्यानं आलेल्यांना चार वर्षं थांबावं लागतं. मेडिकेअर, म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा, लगेच मिळते, तेवढा एक आधार. जवळची शिल्लक किती महिने पुरेल ते अमोलनं वहीत मांडून ठेवलंय. ते पान मी उलटून बघत नाही.

शिवाय माझं सगळं आयुष्य गाड्यांच्या सुट्या भागांत गेलं, आणि तिकडं गाड्या बनवणंच बंद झालंय. फोर्डनं २०१६ मध्ये, टोयोटा आणि होल्डननं २०१७ च्या ऑक्टोबरात. म्हणजे त्या कारखान्यांतून बाहेर पडलेले, तिथेच जन्मलेले, तिथलाच पत्ता असलेले लोक आधीच रांगेत होते. विनीत म्हणतो ट्रक बघ, बेजवॉटरला केनवर्थ बनतात. डँडेनाँगला रेल्वेचे डबे बनतात. खाद्यपदार्थांचे, औषधांचे कारखाने आहेत, तिथंही क्वालिटीची माणसं लागतातच. खरं आहे. पण त्यासाठी प्रत्येक ओळ पुन्हा लिहायची, आणि लिहिताना वाटत राहतं की आपण हळूहळू सगळंच पुसत चाललोय. आधी पत्ता, मग वाळूज, मग काय? माझ्या डिग्रीवर आणि पासपोर्टवर औरंगाबाद आहे, रेझ्युमेवर संभाजीनगर. दोन्ही मी राहते तेच गाव, आणि दोन्ही तिथं नको.

संध्याकाळी बीडकडच्या शिरूरहून मोठ्या मावशीचा फोन आला. दसरा जवळ आलाय, त्यांच्याकडं ऊसतोडीला निघायची तयारी चाललीय. तिनं विचारलं, "लागलं का गं काम?" म्हटलं नाही, तिथं गेल्यावर शोधायचंय. "मग काम नाही तर जायलीस कशाला?"

तिला काय सांगू. तिच्या गावातून निम्मी घरं दरवर्षी ऊसतोडीला जातात, आणि मुकादम ठरल्याशिवाय, कारखाना ठरल्याशिवाय, आगाऊ पैशांची उचल हातात पडल्याशिवाय कुणी घराला कुलूप लावत नाही. कोयता घेऊन जाणाऱ्या माणसालाही माहीत असतं की आपण कुठल्या फडावर उतरणार. मी शिकलेली, व्हिसा हातात, आणि मला माहीत नाही. फोन ठेवल्यावर रडू आलं. ते बाबांच्या दुखण्याचंही होतं थोडं, पण ते आज लिहीत नाही.

नंतर जेवणं झाल्यावर मावशीच्याच बोलण्याचा विचार करत होते. उचल म्हणजे काय असतं? मावशीच्या थोरल्यानं घेतलेली उचल एका हंगामात फिटली नाही, म्हणून दुसऱ्या वर्षी त्याच मुकादमाकडं जावं लागलं. नवराबायको मिळून एक कोयता, आणि बायको आजारी पडली तरी फडावर. काम ठरवून निघाला खरा, पण निघायच्या आधीच त्याचं वर्ष दुसऱ्याच्या वहीत लिहिलेलं होतं. माझं नाव अजून कुणाच्या वहीत नाही. भीती त्याचीच वाटते, पण आज पहिल्यांदा त्यातलं मोकळेपणही दिसलं. तिथं जे काम मिळेल त्याला मी नाही म्हणू शकते. मावशीच्या थोरल्याला ते कधी म्हणता आलं नाही.

आणि फोनवरच्या त्या बाईचंही मला पटतं. आमच्या प्लांटला माणूस घेतात तेव्हा एचआर काय बघतं? जवळ बजाजनगरला राहणारा आणि लांब हिंगोलीहून येणारा, दोघं सारखेच असले तर बजाजनगरवाला. सोमवारी हजर होईल, खोली शोधायला सुट्टी मागणार नाही. त्यात हिंगोलीचा कुणी अपमान करत नसतं, मशिन चालू ठेवायचं असतं. तिकडंही कुणाचं तरी मशिन थांबलेलं असणार. मी कधी येणार हे त्यांना कळत नाही, अडचण तेवढीच आहे. मग ते कळवणं माझ्या हातात आहे.

म्हणून विनीतचा पत्ता टाकलेला नाही. तो राहतो तिथं मी राहत नाही, आणि उद्या कुणी स्टेशनपासून किती लांब राहता विचारलं तर मला काही सांगता येणार नाही. माझाच पत्ता ठेवला आणि त्याच्याखाली एक ओळ वाढवली: फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मेलबर्नला कायमची येत आहे, तिसऱ्या आठवड्यापासून कामावर येऊ शकते, व्हिसासाठी कंपनीला काही करावं लागणार नाही. विनीतला पाठवलं. तो म्हणाला तारीख टाकलीस तर तिकीटही काढ, नाहीतर विचारतील.

फेब्रुवारी तोच सुचवत होता. नाताळपासून जानेवारीच्या अखेरपर्यंत तिकडं बहुतेक ऑफिसं सुस्त असतात, भरती त्यानंतर हलते. तोवर तिकडं ईशूच्या शाळेचं नवं वर्षही नुकतंच सुरू झालेलं असेल. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून त्यांची घड्याळं तासभर पुढं जातात, म्हणजे सकाळी नऊचा फोन आता साडेतीनला येणार. येऊ दे.

आमच्याकडं नोटीस दोन महिन्यांची आहे. म्हणजे राजीनामा नोव्हेंबरच्या शेवटाला द्यावा लागेल. उद्या लंचमध्ये पीएफचं विचारून घेते, आणि अमोलबरोबर बसून तिकिटाचे दर बघायचेत.