बारीक कणांची निगेटिव्ह

आज डार्करूममध्ये ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून १६ × २० इंचांचा प्रिंट काढला आणि आकाशाच्या सलग करड्या भागातही फिल्मवरच्या चांदीचे कण जवळजवळ दिसले नाहीत, याचा फार आनंद झाला. फिल्म इलफर्डची पॅन एफ प्लस, आयएसओ ५०, म्हणजे प्रकाशाला कमी संवेदनशील, मंद. तिच्यावरची सुप्त प्रतिमा, म्हणजे फोटो काढल्यावर उमटलेली पण डेव्हलप होईपर्यंत न दिसणारी प्रतिमा, लवकर क्षीण होते, म्हणून ती ३ महिन्यांच्या आत डेव्हलप करावी. डेव्हलपर, म्हणजे प्रतिमा उमटवणारे रसायन, म्हणून डी-७६ मुद्दाम पातळ न करता वापरला, कारण त्याच्या एका लिटरमधले १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट सिल्व्हर हॅलाइडच्या, म्हणजे फिल्ममधल्या प्रकाशसंवेदी क्षाराच्या, कणांच्या कडा किंचित विरघळवते आणि त्यामुळे कण कमी जाणवतात. त्यात तेवढेच पाणी मिसळले तर रेषा अधिक रेखीव येतात, पण कणही थोडे उठून दिसतात. मला मात्र या आकाशासाठी मऊपणाच हवा होता. एक्स्पोजर किंवा डेव्हलपिंगची वेळ वाढून निगेटिव्ह दाट झाली असती, तर एवढी मंद फिल्म निवडूनही कण ठळक झालेच असते.