ऑइल न खाणारा ट्रॅक्टर

आमच्या घरचा ट्रॅक्टर 1996 सालचा, 35 एचपी, तीन सिलिंडरचा. गेली कित्येक वर्षं तो थोडंथोडं ऑइल खायचा. पंधरा-वीस दिवसांनी अर्धा लिटर वरून टाकायचं, यात कुणाला काही वाटतही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर आबांनी एक दिवस ऑइलची पट्टी काढली, पुसली, परत बुडवून बघितली आणि म्हणाले, "म्हातारा सुधारला रे. महिना झाला, ऑइल जिथल्या तिथं."

आम्ही दोघंही खूश. त्याच महिन्यात रोज सकाळी रेडिएटरमध्ये तांब्या-दोन तांबे पाणी टाकावं लागत होतं. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे काही डोक्यात आलं नाही.

पाणी जातंय म्हटल्यावर जे सगळे करतात तेच मी केलं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं होतं, नवं झाकण आणलं. होस पाइपच्या क्लिपा आवळल्या. वॉटर पंपाच्या पोटाला एक बारीक भोक असतं, आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. तिथं बोट लावून बघितलं, कोरडं. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टिकल्या ठोकलेल्या असतात, त्या गंजून पाझरतात, त्याही ठणठणीत. ट्रॅक्टरखाली खताच्या पोत्याचा कागद अंथरला. सकाळी कागदावर धूळ होती, पाण्याचा टिपूस नाही.

गव्हाच्या रानात रोटर मारताना तापमानाचा काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा मात्र घाबरलो. बाजारच्या गावातल्या एका मेकॅनिकला दाखवला. त्यानं इंजिनाचा आवाज ऐकला, धूर बघितला आणि सांगितलं, हेडचं पॅकिंग गेलंय, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण आणि ब्लॉक यांच्यामधलं. हेड उतरवलं, लेथवर नेऊन फेस मारला, म्हणजे तळ सपाट करून घेतला, नवं पॅकिंग घातलं. चार दिवस आणि साडेचार हजार रुपये. पाचव्या दिवशी सकाळी झाकण उघडलं तर पाणी खालीच.

तेव्हा आबांच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री आठवले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आता ते स्वतः पान्हा कमीच धरतात, खाटेवर बसून पोरांकडून काम करून घेतात. त्यांनी ट्रॅक्टरकडे बघितलंसुद्धा नाही. विचारलं, "पाणी चालताना जातं का उभ्या उभ्या?"

मला सांगता येईना. महिनाभर मी पाणी टाकत होतो, पण ते कधी जातं हे मोजलंच नव्हतं.

"हेडच्या पॅकिंगमधून धूर पाण्यात शिरत असेल तर झाकण काढून गार इंजिन चालू कर, पाण्यात एकसारखे बुडबुडे येतील. फॅन बेल्ट काढून कर, म्हणजे पंपाची खळबळ नको." बुडबुडे आले नाहीत. पाच मिनिटांची परीक्षा. साडेचार हजारांच्या आधी कुणी सांगितली असती तर!

दुसरी परीक्षा रात्रीची. चालवल्यावर गरम पाणी फुगतं, गार झालं की बसतं, म्हणून इंजिन पार गार असताना पाणी भरायचं आणि चालूच करायचं नाही. कडब्याचं चिपाड रेडिएटरमध्ये बुडवून मी पातळीवर नखानं खूण केली. सकाळी पाणी दोन बोटं खाली. खालचा कागद कोरडा.

बाहेर येत नाही, बुडबुडे नाहीत, न चालवता जातं. म्हणजे ते आतल्या आत उतरत होतं.

चाचांनी चालू न करता चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, ड्रेन बोल्ट सैल करायला लावला, काढायला नाही. पाणी ऑइलपेक्षा जड, रात्रभरात तळाला बसतं. मी काचेची बाटली धरली. आधी तांबूस, गंजाच्या रंगाचं पाणी आलं, जवळजवळ कपभर, आणि मग काळं ऑइल. म्हातारा सुधारला नव्हता. खाल्लेल्या ऑइलची जागा पाणी भरून काढत होतं आणि पट्टी आम्हाला गंडवत होती. ऑइल टाकायच्या झाकणाला आतून पांढरट लोण्यासारखं काहीतरी चिकटलेलं मी आधी बघितलं होतं. थंडीत वाफेनं होतं तसं, म्हणून सोडून दिलं होतं.

आता कुठून, एवढाच प्रश्न. पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली होतो तो लायनर; त्याच्या बाहेरून पाणी खेळतं आणि ते खाली ऑइलमध्ये उतरू नये म्हणून खालच्या कडेला रबर असतं. आमच्या ट्रॅक्टरचं चेंबर खालून सुटतं, ते उतरवलं. चाचांकडे एक जुनं झाकण होतं, त्याला ट्यूबचा वॉल डाग देऊन बसवलेला. ते रेडिएटरला लावून सायकलच्या पंपानं हवा भरली. "सात-आठ पौंडाच्या वर नको, रेडिएटर फाटेल." मी बॅटरी घेऊन खाली उताणा पडलो. आधी काहीच नाही. मग तीन नंबरच्या लायनरच्या खालच्या कडेला, लायनर आणि ब्लॉकच्या फटीत, एक थेंब जमला, लांबला आणि माझ्या गालावर पडला.

थेंब लायनरच्या आतून आला असता तर लायनरला भोक, वरून पिस्टनवरून आला असता तर हेड. फटीतून आला, म्हणजे लायनरचं खालचं रबर.

लायनर ओढून काढल्यावर ते रबर प्लास्टिकसारखं कडक झालेलं, नखानं तुकडे पडत होते. खाचेत क्षार आणि गंज दगडासारखा बसलेला. लायनरच्या बाहेरून एका बाजूला देवीच्या वणांसारखे खड्डे. पिस्टनच्या धक्क्यानं लायनर थरथरतो, पाण्यात बारीक बुडबुडे होऊन भिंतीवर फुटतात आणि लोखंड कोरतात, असं चाचांनी सांगितलं. कूलंटमधलं औषध लोखंडावर थर धरतं, म्हणून हे कमी होतं. आम्ही तर सगळी वर्षं बोअरचं पाणी घातलेलं. आमच्याकडचं बोअरचं पाणी किती जड, ते हंड्याच्या आतली पांढरी पुटंच सांगतात.

तिन्ही लायनर, पिस्टन, रिंगा बदलल्या, म्हणजे हाफ इंजिनच झालं. पाणी मिसळलेल्या ऑइलवर चाललेली कनेक्टिंगची बेरिंगंही काळवंडली होती, तीही टाकली. एकूण 23,000. खाचा घासायला अख्खा दिवस गेला, नवी रबरं साबणाच्या पाण्यानं बसवली. पिस्टन घालण्याआधी चाचांनी ब्लॉकमध्ये नुसतं पाणी भरून रात्रभर ठेवायला सांगितलं. मी दोनदा उठून बॅटरी मारून आलो.

आता त्यात कूलंट आणि आरओचं पाणी निम्मं निम्मं असतं. "ट्रॅक्टरला जारचं पाणी, आणि आपण पितो बोअरचं," असं आबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

पन्नास तास चालल्यावर पहिलं ऑइल बदलायचं होतं. सकाळी चालू न करता बोल्ट सैल केला आणि तीच बाटली खाली धरली. आबा शेजारी उकिडवे बसलेले. पहिला थेंब काळा आला.